लहान मुले सांभाळताना स्वतःच्या वाचनासाठी निवांत वेळ कसा काढता?

प्रश्न : कमळतळे

नमस्कार. मी जुळे सोलापूर भागात राहते आणि एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. मोठी मुलगी चार वर्षांची आहे आणि धाकटा मुलगा दीड वर्षाचा. यजमान अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्यात पर्यवेक्षक आहेत आणि त्यांची पाळी दर आठवड्याला बदलते. सासू-सासरे बार्शीजवळच्या गावी शेती पाहतात. सणावाराला येतात, परंतु रोजच्या मदतीसाठी इथे राहणे त्यांना शक्य नाही.

लग्नाआधी, आणि लग्नानंतरही मुले होईपर्यंत, माझे वाचन नियमित होते. कादंबऱ्या, चरित्रे, इतिहासावरचे जाडजूड ग्रंथ एकामागून एक वाचून होत असत, आणि रविवारी दुपारी पुस्तक घेऊन बसले की दिवेलागणीलाच मान वर होत असे. आता पुस्तके घरात येतात, पण वाचून होत नाहीत. सध्या एक चरित्र स्वयंपाकघरातल्या फडताळात मिसळणाच्या डब्याशेजारी पालथे पडलेले आहे, कारण खालच्या कप्प्यातल्या पुस्तकांचे कोपरे धाकट्याने चावून ओले करून ठेवले आहेत.

वेळ अजिबातच मिळत नाही असे मला म्हणायचे नाही. वेळ मिळतो, पण तो दूध तापेपर्यंतचा, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतचा किंवा मुलगी खाली खेळून वर येईपर्यंतचा असतो. एवढ्या वेळात बातमी वाचता येते, आलेले निरोप पाहता येतात. परंतु ज्या पुस्तकात पंधराव्या पानावर मांडलेला विचार चाळिसाव्या पानावर पूर्ण होतो, ते पुस्तक अशा वाचनाला दाद देत नाही. दर वेळी दोन पाने मागे जावे लागते आणि तेवढ्यात हाक येते.

धाकटा मांडीवर झोपला की मी पुस्तक त्याच्या डोक्यावरून तिरके धरते. पान उलटताना आवाज होऊ नये म्हणून पानाचा वरचा कोपरा आधीच बोटाने सोडवून ठेवते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर गेला की कूलर सुरू असतो आणि त्याच्या घरघरीत पानांचा आवाज बुडून जातो, म्हणून खरे सांगायचे तर वाचनाच्या दृष्टीने मला उन्हाळाच बरा वाटतो. मोठी जागी असेल तर मात्र हेही जमत नाही. ती हट्ट करत नाही, खेळणी मागत नाही; फक्त जवळ येऊन पुस्तकाची वरची कड दोन्ही हातांनी खाली दाबते आणि म्हणते, “आई, पुस्तक खाली घे ना, तुझं तोंड दिसत नाही.” त्यापुढे मला वाचवत नाही.

मुलांना मी रोज गोष्टी वाचून दाखवते आणि त्यात मला मनापासून आनंद मिळतो, तेव्हा कृपया ‘मुलांसोबतच वाचा’ हा सल्ला देऊ नये. पहाटे उठण्याचाही प्रयत्न करून झाला आहे. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येते आणि त्या दिवसाची पहाट पिंप, घागरी आणि कूलरची टाकी भरण्यातच जाते, तर इतर दिवशी मी उठले की धाकट्याला कसे कोण जाणे लगेच कळते. रात्री मुले झोपेपर्यंत अकरा वाजतात, त्यानंतर भांडी आणि दुसऱ्या दिवशीच्या डब्याची तयारी असते, आणि पुस्तक उघडल्यावर दुसऱ्या पानावर डोळे मिटतात.

ज्यांना लहान मुले आहेत किंवा होती आणि तरीही ज्यांनी गंभीर वाचन सोडले नाही, त्यांनी ते नेमके कसे साधले हे मला जाणून घ्यायचे आहे. आणखी एक विचारते. नातेवाइकांपैकी कोणी दोन तास टीव्हीसमोर बसले तर त्याला विश्रांती म्हणतात. मी पुस्तक हातात घेतले तर ‘आज काही काम नाही वाटतं’ असे बोलले जाते. वाचन ही माझी गरज आहे, हे घरच्यांना न दुखावता कसे पटवून द्यावे?


उत्तर : होटगी रोड

ताई, माझे दोन्ही मुलगे आता शाळेच्या वरच्या वर्गांत आहेत, पण तुम्ही लिहिलेला प्रत्येक शब्द माझ्या ओळखीचा आहे. तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य म्हणजे ‘मुले झोपेपर्यंत अकरा वाजतात’. माझ्या मते उत्तराची सुरुवात तिथूनच करावी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ११ ते १४ तास आणि तीन ते चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी असे सांगितले आहे, दुपारची झोप त्यातच धरून. आता तुमच्या मुलीचा हिशेब मांडून पाहा. तिला अकरा तासांची झोप लागते असे धरले आणि ती दुपारी तासभर झोपते असे मानले, तर रात्रीचे दहा तास उरतात. अकराला झोपलेले मूल सकाळी नऊला उठायला हवे. परंतु बालवाडीसाठी आपण त्याला सातला उठवतो. म्हणजे मुलीची झोपही अपुरी राहते आणि तुमचे वाचनही, आणि दोन्हींचे कारण एकच आहे. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण मुलांना लवकर झोपवणे हे त्यांच्याच हिताचे आहे असे घरात निःशंकपणे सांगता येते, आणि त्यातून मोकळा होणारा वेळ तुमच्या वाट्याला येतो.

आपल्या सोलापुरात रात्रीची जेवणे उशिरा होतात. उन्हाळ्यात तर दिवसभर बाहेर पाय टाकता येत नाही, म्हणून ऊन उतरल्यावरच पोरे खेळायला निघतात आणि दहा वाजले तरी इमारतीच्या आवारात त्यांचा गलका चालू असतो. हे बदलणे सोपे नाही. मी मुलांचे जेवण मोठ्यांच्या जेवणापासून वेगळे केले आणि सात वाजता मऊ वरणभात, तूप, एखादी भाजी असे साधे वाढू लागले. उन्हाळ्यात खेळून आल्यावर लगेच आंघोळ आणि लगेच जेवण. त्यानंतर बैठकीतला मोठा दिवा बंद आणि टीव्हीही बंद. झोपेची वेळ एकदम दोन तास अलीकडे आणू नका, मुले ती मानत नाहीत. दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे या. धाकट्याच्या वयात दिवसाच्या दोन झोपा कमी होऊन एकच उरते. ती जेवणानंतर लगेच होऊ द्या आणि चारच्या पुढे लांबू देऊ नका, नाहीतर रात्री तो ताजातवाना राहतो.

सासूबाईंनी सुरुवातीला नाराजी दाखवली, कारण बापलेक एका पंगतीला बसणार नाहीत हे त्यांना रुचले नाही. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. म्हणून रविवारी आणि सणाच्या दिवशी सर्वांनी एकत्र जेवायचे, असे ठरवले आणि ते आजतागायत पाळले जाते.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगते. मुले झोपली की आधी पुस्तक, मग भांडी. आपण सगळ्या बायका याच्या उलट करतो: ओटा पुसून, कणीक मळून, कपड्यांच्या घड्या घालून शेवटी उरलेल्या वेळात वाचायला बसतो आणि मग झोप लागली म्हणून स्वतःलाच दोष देतो. भांडी अर्धवट जागेपणीही घासता येतात, चांगले पुस्तक तसे वाचता येत नाही. डोके ताजे असतानाचा पाऊण तास पुस्तकाला द्या. साडेनऊला घासलेली भांडी आणि सव्वादहाला घासलेली भांडी यांत सकाळी काहीही फरक दिसत नाही.


उत्तर : रूळवाट

नमस्कार ताई. मी मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात गाडी चालवण्याच्या कामावर आहे आणि मला तीन वर्षांची मुलगी आहे. घरात वाचणारी माझी पत्नी आहे, मी नाही. तरीही या प्रश्नावर लिहावेसे वाटले, कारण आमच्या नोकरीतली एक गोष्ट इथे उपयोगी पडेल.

आम्ही गाडी घेऊन दौंडला किंवा वाडीला गेलो की परतीची गाडी मिळेपर्यंत रनिंग रूममध्ये विश्रांती घेतो. तिथे जेवणाची सोय असते, पलंग असतात, खिडक्यांना जाड पडदे असतात, आणि शांतता पाळावीच लागते. कोणी मोठ्याने बोलले, दार आपटले किंवा फोनचा आवाज वाढवला तर त्याला लगेच हटकले जाते. ज्याला उठवायचे आहे त्यालाच उठवतात आणि शेजारचा माणूस झोपलेला राहील याची काळजी घेतात. याचे कारण असे की, न थकलेला चालक ही सुरक्षिततेची गरज आहे हे रेल्वेने मान्य केले आहे. ती विश्रांती मागण्यासाठी मला कधी कोणाची मनधरणी करावी लागली नाही आणि ती घेतली म्हणून कोणी मला आळशीही म्हटले नाही.

मूल झाल्यावर पत्नीकडे पाहून मला जाणवले की तिच्या कामात अशी ठरलेली विश्रांती कुठेच नाही. तिला निवांतपणा मिळतो तो योगायोगाने, आणि मुलीने कूस बदलली की तो संपतो. म्हणून आम्ही एक गोष्ट ठरवली. माझ्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी सकाळी मी मुलीला घेऊन घराबाहेर पडतो. ‘बाहेर’ या शब्दावर माझा भर आहे. मी घरात राहून मुलीला सांभाळतो असे म्हटले तर ती मला सोडून बंद दाराशी जाऊन उभी राहते, दाराखालच्या फटीतून बोटे आत घालते आणि हाका मारते. आत बसलेली आई त्या वेळी एक ओळही वाचू शकत नाही. लेक बाहेर आहे, बापाजवळ आहे आणि अमुक वाजेपर्यंत येणार नाही, एवढे माहीत असले म्हणजेच तिचे मन पुस्तकात उतरते.

आम्ही कधी भुईकोट किल्ल्याच्या बागेकडे जातो, कधी सिद्धेश्वर तलावाच्या काठाने देवळापर्यंत चालत जातो. विजापूर रस्त्यावर धर्मवीर संभाजी तलाव आहे, ज्याला आपण जुनी माणसे कंबर तलाव म्हणतो. तिथे पक्षी पाहण्यात मुलीचा तास सहज जातो. सोबत पाण्याची बाटली, दशम्या, कपड्यांचा एक जोड आणि टोपी घेतली की आईला फोन करण्याची वेळ येत नाही. फोन न करणे हेही महत्त्वाचे आहे. तिचा झगा कुठे ठेवला आहे, तिला भूक लागली तर काय देऊ, असे दर अर्ध्या तासाने विचारत राहिलो तर मुलगी माझ्याजवळ असूनही तिची काळजी आईच वाहत राहते.

तुमच्या यजमानांची पाळी बदलती आहे हे समजले. पण बदलत्या पाळीलाही सुटी असतेच. घरच्यांना कसे पटवावे असे तुम्ही विचारले आहे, त्यावर माझे स्पष्ट मत असे आहे की ते पटवण्याचे काम यजमानांनी करावे. ‘ती वाचते आहे, मुलांना मी नेतो’ हे वाक्य सुनेच्या तोंडून आले तर त्यावर चर्चा होते. मुलाच्या तोंडून आले तर बहुधा होत नाही. हे न्याय्य नाही, परंतु आज आपल्या घरांमध्ये असेच आहे आणि तोवर नवऱ्याने ते बोलायला हवे.


उत्तर : ग्रंथसेवक

मी अनेक वर्षे सार्वजनिक ग्रंथालयात काम केले आहे, त्यामुळे माझे उत्तर थोडे ग्रंथालयाच्या बाजूने येईल.

डॉ. शियाली रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यांतला चौथा ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असा आहे. आम्ही तो पुस्तक लवकर शोधून देण्याशी जोडतो, पण तान्ह्या मुलाच्या आईइतका वेळेला मोताद झालेला वाचक दुसरा नाही आणि तिच्यासाठी आपल्या ग्रंथालयांनी फार थोडे केले आहे, याची मला खंत वाटते. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. अ, ब, क, ड अशी वर्गवारी असलेली शासनमान्य ग्रंथालये जिल्ह्यात गावोगाव आहेत, आपल्या शहरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी संस्था आहे. तरीही बहुतेक ठिकाणच्या वाचनकक्षांत पाहिले तर वृत्तपत्रे चाळणारे ज्येष्ठ पुरुष आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी दिसतात. मुले घरी वडिलांजवळ सोडून स्वतःची कादंबरी वाचायला आलेली तरुण आई मला क्वचितच दिसली. ती जागा जितकी त्यांची तितकीच तुमची आहे.

म्हणून रूळवाट यांच्या सूचनेला मी एक जोड देतो. यजमान मुलांना घेऊन बाहेर जाऊ शकत नसतील, त्यांना घरीच थांबणे भाग असेल, तर तुम्ही बाहेर पडा. घरात बसले की धुवायचे कपडे आणि निवडायची मेथी डोळ्यांसमोर असते आणि ती उचलायला हात आपोआप जातो. वाचनकक्षातल्या लाकडी खुर्चीवर बसल्यावर करण्यासारखे दुसरे काही नसते. आपल्या भागातल्या ग्रंथालयाची वेळ, साप्ताहिक सुटी आणि महिलांसाठी वेगळी बैठक आहे का, एवढे प्रत्यक्ष जाऊन विचारून घ्या. नसेल तर मागणी नोंदवा. चार सभासदांनी लेखी मागणी केली की कार्यकारिणीला तिची दखल घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट तुटक वाचनाविषयी. दर वेळी दोन पाने मागे जावे लागते असे तुम्ही लिहिले आहे. मोठी पुस्तके हप्त्याहप्त्याने वाचणाऱ्या आमच्या काही जुन्या सभासदांची एक पद्धत मी पाहिली आहे. ते खुणेसाठी नुसता कागद ठेवत नसत. पोस्टकार्डाएवढा जाड कागद घेऊन त्यावर एका बाजूला व्यक्तींची नावे आणि नाती लिहीत, आणि दुसऱ्या बाजूला पुस्तक मिटताना एकच ओळ लिहीत: कोण कुठे आहे, कोणता मुद्दा चालू आहे, पुढे कशाची उत्सुकता आहे. मुलाने हाक मारल्यावर ही ओळ लिहायला वेळ लागत नाही. चार दिवसांनी पुस्तक उघडल्यावर ती ओळ वाचली की दोन पाने मागे जावे लागत नाही. चरित्र वाचताना तर याचा फार उपयोग होतो, कारण त्यात माणसे पुष्कळ असतात आणि सालांची सरमिसळ होते.

ज्या आठवड्यात मोठे पुस्तक उघडणे शक्यच नसेल, त्या आठवड्यासाठी दिवाळी अंक हाताशी ठेवा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी वाचकाला एका बैठकीत संपणाऱ्या चांगल्या मजकुराची मोठी परंपरा लाभली आहे. ग्रंथालयात मागील वर्षांचे अंक मिळतात. कथा किंवा लेख पूर्ण वाचून झाल्याचे समाधान काही वेगळेच असते, आणि ते अधूनमधून मिळत राहिले तर मोठ्या पुस्तकाची ओढही टिकून राहते.


कमळतळे

आपण सर्वांनी इतक्या आत्मीयतेने लिहिले याबद्दल आभारी आहे. होटगी रोडताई, झोपेचा हिशेब मी यजमानांना वाचून दाखवला. तो त्यांना लगेच पटला आणि मुलांचे जेवण सातला करण्याचे आम्ही ठरवले आहे. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात ते रात्री उशिरा येतात, तेव्हा वडील भेटल्याशिवाय मोठी झोपत नाही. त्या आठवड्याचे काय करावे हे अजून सुचलेले नाही. चिठ्ठीची पद्धत आजच सुरू केली.


उत्तर : पूर्वभाग

मुली, मी सेवानिवृत्त शिक्षिका आहे. माझे सारे आयुष्य शहराच्या पूर्व भागात गेले. आमची घरची भाषा तेलुगू, पण शिक्षण मराठीत झाले आणि वाचनाचे प्रेम मराठीनेच लावले. तू विचारलेल्या गोष्टीशी माझ्या आईचा संबंध आहे, म्हणून लिहिते.

वडील मागावर होते आणि आई विड्या वळत असे. सुपात पाने आणि तंबाखू घेऊन ती दारात उजेडाला बसे. भिजवलेली पाने पत्र्याच्या मापाने कातरायची, चिमूटभर तंबाखू घालून वळायची, दोरा बांधायचा आणि टोक बंद करायचे, हे तिचे हात न पाहता करत असत. सांजेला कारखान्यात नेऊन द्यायच्या विड्यांचा आकडा ठरलेला असे, त्यामुळे तिला थांबता येत नसे. आम्ही भावंडे तिच्या आजूबाजूला, धाकटा तिच्या पाठीशी टेकलेला. तिला लिहितावाचता येत नव्हते. मी तिसरी-चौथीत गेल्यावर शाळेच्या पेटीतले पुस्तक आणून तिला वाचून दाखवू लागले. मी अडखळले की तिचे हात क्षणभर थांबत आणि ती म्हणे, “पुढं काय झालं ते नीट सांग.” आपल्या गावातल्या विडी कामगार बायकांच्या कितीतरी घरांत लेकींनी असे वाचून दाखवले असेल असे मला वाटते.

हे मी यासाठी सांगत नाही की आम्ही गलक्यात वाचले म्हणून तूही वाचावेस. तसे मला अजिबात वाटत नाही. आई एकदा मला म्हणाली होती की, मला वाचता आले असते तर मी दार लावून घेतले असते. तिची ती इच्छा तिच्याबरोबर गेली. तुला वाचता येते, तुझ्याजवळ पुस्तके आहेत, तेव्हा दार लावून वाचायची इच्छा बाळगण्यात काहीही गैर नाही, आणि त्यासाठी कोणापुढे कारणे द्यायची गरज नाही.

मात्र दार लावायचे तर बाहेर कोणीतरी हवे. आमच्या वाड्यात ते कोणीतरी नेहमी असायचे. आता इमारतींमध्ये दारे बंद असतात, पण त्या दारांआड माझ्यासारख्या पुष्कळ बायका आहेत ज्यांची मुले पुण्याला, हैदराबादला नोकरीला गेली आहेत आणि संध्याकाळी ज्यांना मूल मांडीवर घ्यावेसे वाटते. त्या स्वतः होऊन विचारत नाहीत, कारण आजकालच्या आयांना आवडेल की नाही याची त्यांना धास्ती असते. तू विचार. ‘काकू, तासभर हिला तुमच्याकडे बसवू का, मला वाचायचे आहे,’ असे सरळ सांग. बाजारात जायचे आहे असे खोटे कारण देऊ नकोस. मी आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलीला रोज शेंगा फोडायला बसवते. ती अर्ध्या खाते, अर्ध्या वाटीत टाकते आणि घरी जायला तयार नसते. तिच्या आईने मला खरे कारण सांगितले म्हणून मीही आता तिला विचारते, काय वाचलेस? ती सांगते आणि माझीही संध्याकाळ चांगली जाते.

तुझ्या लेकीविषयी एक सांगते. पुस्तकामुळे आईचे तोंड दिसत नाही ही तिची तक्रार खरी आहे. आमच्या वर्गात मी बालवाडीच्या मुलांना पाहिले आहे. मोठ्या माणसाचा चेहरा दिसत राहिला तर ती आपली आपण बराच वेळ खेळतात. पुस्तक हातात उभे धरण्याऐवजी जमिनीवर पाट किंवा उतरते लेखन-मेज घेऊन त्यावर ठेव आणि तिच्याकडे तोंड करून बस. तू खाली पाहत असलीस तरी तिने मान वर केली की तिला तू दिसशील. सलग तास मिळेल असे मी म्हणत नाही, पण ती पुस्तक खाली दाबायला येणार नाही.


कमळतळे

मावशी, पाटाची युक्ती मला सुचली नसती. आज संध्याकाळी करून पाहिली. मोठी समोर बसून रंगवत होती आणि मधूनमधून पाहून घेत होती. आपल्या आईंविषयी लिहिलेले यजमानांनीही वाचले. आमच्या वरच्या मजल्यावर एक काकू एकट्याच राहतात, त्यांना मी उद्या विचारणार आहे आणि खरे कारणच सांगणार आहे.

रूळवाटदादा, आपल्याला एक विचारायचे आहे. यजमान मुलांना बाहेर न्यायला आनंदाने तयार आहेत, पण पाळी बदलली की सुटीचा वारही कधीकधी बदलतो आणि पाणी कोणत्या दिवशी येईल तेही पुढेमागे होते. अमुक वार माझा, असे ठरवता येत नाही. आपली ड्युटी तर याहून अनिश्चित असेल. आपण घरी ते कसे जमवता?


उत्तर : रूळवाट

ताई, आम्ही वार ठरवतच नाही. ड्युटीचा तक्ता हातात आला की त्याच दिवशी घरी येऊन भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर दोघे उभे राहतो. दूध आणि गॅस सिलिंडरच्या नोंदी जिथे करतो तिथेच, माझ्या विश्रांतीचे तास सोडून उरलेल्या वेळातून पत्नीचे दोन तास आधी पेनाने लिहितो, आणि मगच बाजारहाट, पाहुणे, लग्नकार्य यांच्या वेळा ठरवतो. पाणी आले किंवा मला अचानक गाडीवर जावे लागले तर ते तास खोडायचे नाहीत, बाण काढून पुढच्या रिकाम्या चौकोनात न्यायचे, एवढा एकच नियम आहे. रात्रपाळी करून आलेल्या दिवशी मात्र ते तास लिहू नका. झोप न झालेल्या माणसाच्या हाती दोन मुले देऊन तलावाकाठी पाठवणे धोक्याचे आहे. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात यजमान सकाळी घरी असतात, तेव्हा मोठी बालवाडीत गेल्यावर धाकट्याला घेऊन ते बाहेर पडू शकतील. तुमचा पहिला तास किती वाजता असतो ते पाहून त्या सकाळी धरता येतात का, एवढे तपासून पाहा.